विचार येतात कुठून, आणि मने खरोखरच एकमेकांशी जोडलेली असतात का?

प्रश्नकर्त्याने एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. विचार आपण करतो की ते आपल्याला येतात, आणि येत असतील तर कुठून? ज्याची आठवण काढावी त्याचाच नेमका फोन येतो, दोघांच्या तोंडून एकाच क्षणी एकच वाक्य बाहेर पडते, तेव्हा मने अदृश्य रीतीने जोडलेली आहेत असे मानावे का? आणि तिसरा, बहुधा त्यांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न असा की, जवळच्या माणसाबद्दल मनात एखादा अभद्र विचार येऊन गेला तर तो त्या माणसापर्यंत पोहोचतो का, त्याला बाधतो का? मानसोपचाराच्या व्यवसायात हे तिन्ही प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. ते इथे एकत्र विचारले गेले हे चांगलेच झाले, कारण पहिल्याचे उत्तर नीट उमगले की उरलेल्या दोन प्रश्नांचा बराचसा गुंता आपोआप सुटतो.

माझे मत आधीच सांगते. विचार आपल्या जाणिवेच्या आड तयार होतात, त्यांची बहुतेक सामग्री आपण इतर माणसांकडून घेतलेली असते, आणि मने जोडली जातात ती डोळे, कान, स्पर्श, भाषा आणि एकत्र घालवलेला काळ यांच्या मार्गाने. हा मार्ग ओळखीचा आहे म्हणून तो क्षुल्लक आहे असे मुळीच नाही. लोक ज्या गूढ जोडणीची कल्पना करतात तिच्यापेक्षा ही रोजची जोडणी आपल्या मनावर कितीतरी जास्त खोल परिणाम करते, असा माझा अनुभव आहे.

मेंदू कधी रिकामा बसत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते, पण स्वस्थ पडलेले असताना शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, आणि एखादे अवघड गणित सोडवायला घेतले तरी हा खर्च फारसा वाढत नाही. म्हणजे आपण 'काही विचार करत नव्हतो' असे म्हणतो त्या वेळीही आत भरपूर काम चाललेले असते. २००१ साली मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मेंदूतले काही भाग बाहेरचे काम नसतानाच अधिक सक्रिय असतात आणि काम हाती घेताच मंदावतात. या भागांच्या जाळ्याला आता 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. जुन्या आठवणी उलगडणे, उद्याचे प्रसंग रंगवून पाहणे आणि दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज बांधणे, या कामांत ते गुंतलेले आढळते. यातले शेवटचे काम मला फार महत्त्वाचे वाटते, कारण एकट्याने खिडकीशी बसलेला माणूसही मनाने इतर माणसांमध्येच वावरत असतो.

या सततच्या हालचालीतून एखादाच विचार जाणिवेत का येतो, हे बऱ्याच गोष्टींवर ठरते. नुकताच कानावर पडलेला शब्द, एखादा वास, अपुरी झोप, पोटातली भूक, अर्धवट राहिलेले काम, मनात दबलेली भीती यांपैकी काहीही त्याला पुढे ढकलू शकते, आणि ढकलणारा हात आपल्याला सहसा दिसत नाही. बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. मनाला येईल तेव्हा हात हलवावा आणि हलवण्याची इच्छा कोणत्या क्षणी जाणवली ते सांगावे, एवढेच त्यात काम होते. मेंदूतील विद्युत तयारी हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू झालेली दिसली, तर इच्छेची जाणीव मात्र हालचालीच्या जेमतेम पाव सेकंद आधीची निघाली. यावरून 'मेंदू आधीच ठरवतो, आपण फक्त बघे असतो' असा निष्कर्ष काढण्याची अनेकांना घाई होते. ती मला पटत नाही. २०१२ साली आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी असे मांडले की ती तथाकथित तयारी म्हणजे मेंदूत सतत चालणारे अनियमित चढउतार असू शकतात, आणि ते एका पातळीपर्यंत चढले की हालचाल घडते. हात हलवण्यासारख्या निर्हेतुक कृतीवरून लग्न, नोकरी किंवा क्षमा यांसारख्या निर्णयांबद्दल काही ठरवून टाकणे धाडसाचे आहे. मात्र विचाराची सुरुवात आपल्याला कळण्याआधी झालेली असते, इतके यातून घेता येते.

याहून बोलका पुरावा मला मायकेल गॅझानिगा यांच्या कामात दिसतो. तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये झटके आवरण्यासाठी मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेने कापत असत. अशा रुग्णांच्या अभ्यासाबद्दल रॉजर स्पेरी यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि गॅझानिगा हे त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी एका रुग्णाला एकाच वेळी दोन चित्रे दाखवली. कोंबडीच्या पायाचे चित्र केवळ डाव्या अर्धगोलाला दिसेल आणि बर्फाने वेढलेल्या घराचे चित्र केवळ उजव्या अर्धगोलाला दिसेल, अशी रचना होती. मग समोरच्या अनेक चित्रांतून जुळणारे चित्र निवडायला सांगितल्यावर त्याच्या उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने फावडे. दोन्ही निवडी अचूक होत्या, कारण उजवा हात डाव्या अर्धगोलाच्या आणि डावा हात उजव्या अर्धगोलाच्या ताब्यात असतो, आणि फावडे बर्फ उपसण्यासाठी होते. पण बोलणारा अर्धगोल डावा, आणि त्याला बर्फाची काहीच खबर नव्हती. फावडे का निवडले असे विचारताच त्या रुग्णाने क्षणभरही न अडखळता सांगितले की कोंबडीचा पाय कोंबडीशी जुळतो, आणि खुराडे साफ करायला फावडे लागतेच. तो खोटे बोलत नव्हता. आपल्या कृतीचे कारण आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची पूर्ण खात्री होती.

अखंड मेंदूच्या माणसांतही हेच घडते. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ साली वर्णन केलेल्या एका प्रयोगात लोकांसमोर पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडून त्यांतला उत्तम निवडायला सांगितले होते. चारही जोड हुबेहूब सारखे होते, तरी उजव्या टोकाच्या जोडाला सर्वाधिक पसंती मिळाली, आणि कारणे विचारली तर लोक त्याच्या दर्जाबद्दल बोलले. 'जागेमुळे निवडला असेल का' ही शंका तर बहुतेकांनी उडवूनच लावली. म्हणून कोणी मला 'हा विचार मला अमुक कारणाने आला' असे सांगतो तेव्हा मी ते आदराने ऐकते, पण ती एका प्रामाणिक माणसाने नंतर रचलेली संगती असू शकते हे मनाशी धरूनच ऐकते.

आता विचारांच्या सामग्रीकडे येते. इथे हेलन केलर यांची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. वयाच्या दीड वर्षाच्या सुमारास दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या या मुलीपर्यंत भाषा पोहोचली ती तळहातावर बोटांनी गिरवलेल्या अक्षरांमधून. १८९१ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिने हिमराजाची एक छोटी गोष्ट लिहिली आणि अंधशाळेच्या संचालकांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्यांनी ती कौतुकाने छापली, आणि थोड्याच दिवसांत लक्षात आले की मार्गारेट कॅनबी या लेखिकेच्या आधी प्रसिद्ध झालेल्या एका कथेशी ती प्रसंगांनी आणि काही ठिकाणी शब्दांनीही जुळते आहे. त्या लहान मुलीची चक्क चौकशी झाली. शोध घेतल्यावर कळले की ती कथा काही वर्षांपूर्वी कोणीतरी तिच्या हातावर वाचून दाखवली होती. ती वाचल्याची आठवण तिच्यापाशी मुळीच नव्हती, पण कथा मात्र मनात राहिली होती आणि योग्य वेळी तिचा स्वतःचा विचार म्हणून वर आली होती. पुढे मोठेपणी त्यांनी लिहून ठेवले की आपले विचार कोणते आणि वाचलेले कोणते हे आपल्याला नेहमीच वेगळे करता येत नाही, कारण वाचलेले सगळे आपल्या मनाच्या घडणीतच मिसळून जाते.

लोक ही हकीकत अपवाद म्हणून सांगतात. मला ती नियम उघडा करून दाखवणारी वाटते. तुम्हाआम्हाला शब्द इतक्या वाटांनी मिळाले की कोणता कुठून आला याचा माग लागत नाही. हेलन यांच्या बाबतीत वाट एकच होती, म्हणून माग लागला. लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हीच गोष्ट बालविकासाच्या बाजूने मांडली. मूल आधी मोठ्यांशी बोलते, मग खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलते, आणि हळूहळू ते बोलणे आत वळून मूक होते. आपण ज्याला विचार म्हणतो त्याचा फार मोठा भाग म्हणजे हे आत वळलेले संभाषण आहे. उपचारांच्या खोलीत मी अनेकदा एक साधा प्रश्न विचारते. 'माझ्याने काही व्हायचे नाही' हे वाक्य मनात उमटते तेव्हा ते कोणाच्या आवाजात, कोणाच्या लकबीत ऐकू येते? पुष्कळ जण थांबतात, आणि मग एखाद्या शिक्षकाचे, थोरल्या भावाचे किंवा वडिलांचे नाव घेतात. जे वाक्य इतकी वर्षे स्वतःविषयीचे सत्य म्हणून वागवले, ते एका विशिष्ट माणसाने, बहुधा रागाच्या भरात उच्चारलेले होते, हे लक्षात येताच त्याचा अंमल कमी व्हायला सुरुवात होते. लगेच संपतो असे मात्र नाही.

दोन मनांत एकाच वेळी एकच विचार येण्याचे कोडेही इथेच सुटू लागते. फेब्रुवारी १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हे निसर्गअभ्यासक मलाय द्वीपसमूहात तापाने अंथरुणाला खिळले होते. त्या अवस्थेत त्यांना नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली. ती त्यांनी लिहून चार्ल्स डार्विन यांना पाठवली, आणि वीस वर्षे त्याच कल्पनेवर काम करत असलेले डार्विन ते पत्र वाचून हादरून गेले. १ जुलै १८५८ रोजी दोघांचे लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले. पृथ्वीच्या दोन टोकांना असलेल्या दोन मनांत तोच विचार कसा आला? दोघांनीही माल्थस यांचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला होता, डार्विन यांनी १८३८ साली आणि वॉलेस यांनी त्या तापाच्या कितीतरी आधी, आणि दोघांनाही कल्पना सुचण्यात त्याच निबंधाचा हात होता. दोघांनीही बेटाबेटांवर हिंडून प्राण्यांमधले बारीक फरक पाहिले होते. सामग्री एक, प्रश्न एक, निरीक्षणे मिळतीजुळती, मग उत्तरही एकच आले. पतिपत्नी किंवा जुने मित्र एकच वाक्य एकदम बोलतात तेव्हा याच गोष्टीची लहानशी आवृत्ती घडत असते. त्यांनी तीच माणसे पाहिलेली असतात, त्याच विनोदांवर हसलेले असतात, आणि आत्ता समोर दिसणारे दृश्यही दोघांचे एकच असते.

तरीही लांबवरून मने जुळण्याची शक्यता गंभीरपणे तपासली गेली नाही, असे कोणी समजू नये. मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, याच ध्यासातून जन्मला. त्याचे जनक हान्स बर्गर हे तरुण वयात सैनिकी सेवेत असताना घोड्यावरून पडून तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले. त्याच दिवशी त्यांची खुशाली विचारणारी वडिलांची तार आली, कारण दूर असलेल्या बहिणीच्या मनात भावाला काहीतरी झाले असल्याचे भय दाटून आले होते. मनापासून मनापर्यंत काहीतरी शक्ती गेली असली पाहिजे, या विचाराने बर्गर मानसोपचाराकडे वळले. १९२४ साली त्यांनी माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या साधनाने अपस्माराचे निदान बदलून टाकले आणि झोपेच्या अभ्यासाला पाया दिला, पण बर्गर ज्यासाठी निघाले होते ते त्यातून निघाले नाही. डोक्याच्या कातडीवर या लहरींचा विद्युतदाब काही मायक्रोव्होल्टपासून फार तर शंभरेक मायक्रोव्होल्टपर्यंत भरतो, म्हणजे व्होल्टचे काही दशलक्षांश. त्या टिपायलासुद्धा कातडीला जेल लावून इलेक्ट्रोड चिकटवावे लागतात. अशा लहरी दुसऱ्या शहरातल्या मेंदूपर्यंत पोहोचण्याचा कोणताही मार्ग भौतिकशास्त्राला ठाऊक नाही. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी पाच चिन्हांच्या पंचवीस पत्त्यांवर असंख्य चाचण्या घेतल्या. केवळ नशिबाने सरासरी पाच उत्तरे बरोबर यावीत, आणि त्यांच्या काही व्यक्तींची बरीच जास्त येत होती. परंतु पत्ते कोणत्याही रीतीने दिसणार नाहीत अशा कडक अटी घातल्यावर आणि इतरांनी प्रयोग करून पाहिल्यावर ते निकाल टिकले नाहीत.

फोनच्या अनुभवाबद्दल माझी सूचना अगदी व्यावहारिक आहे. एक वही ठेवा. कोणाचीही ठळक आठवण आली की फोन येण्याच्या आधीच नाव आणि वेळ लिहा, आणि फोन आला की त्या माणसाची आठवण आधी झाली होती की नव्हती तेही लिहा. मन जुळलेले प्रसंग जपते आणि न जुळलेले टाकून देते. वहीत दोन्ही राहतात. आणखी एक गोष्ट दिसेल. ज्यांचे फोन 'आठवणीबरोबर' येतात त्यांच्या दिनक्रमाचा, आजारपणाचा, काळज्यांचा अंदाज तुम्हाला आधीपासूनच असतो, त्यामुळे तुमची आठवण आणि त्यांचा फोन ही एकाच कारणाची दोन फळे असतात.

मग खरी जोडणी दिसते कशी? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यूरी हॅसन यांच्या गटाने एका स्त्रीला मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपून स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायला लावला, आणि नंतर तेच ध्वनिमुद्रण इतरांना स्कॅनरमध्ये ऐकवले. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतील हालचाल सांगणारीच्या मेंदूतील हालचालीमागोमाग, थोड्या अंतराने, त्याच वळणाने जात होती. काही भागांत तर ती तिच्या थोडी पुढेच धावत होती, म्हणजे ऐकणारा पुढचे बोलणे ताडत होता, आणि हे ताडणे जितके जास्त तितके त्याला कथन अधिक चांगले समजलेले होते. ज्यांना रशियन येत नाही त्यांना रशियन भाषेतली गोष्ट ऐकवली तेव्हा हे जुळणे उरले नाही. आवाज तर त्यांच्याही कानांवर पडत होता, पण समान भाषेवाचून मेंदू जुळला नाही. दोन मेंदूंच्या मधे हवेतल्या ध्वनिलहरींवाचून काहीच नव्हते, आणि तेवढ्याने एका मनाची घडण दुसऱ्यात उतरत होती. मला हे कोणत्याही चमत्काराइतकेच विलक्षण वाटते.

ही जोडणी भाषेच्याही आधीची आहे. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातील प्रसिद्ध प्रयोगात आई तान्ह्या बाळाशी नेहमीसारखी खेळते आणि मग सांगितल्यावरून काही मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसून पाहते, आवाज काढते, हात पुढे करते, आणि काहीच परत येत नाही हे कळल्यावर तोंड फिरवून कोमेजते.

जोडणीची ही जाणीव काही आजारांत विपरीत होते, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलणे माझे कर्तव्य आहे. आपले विचार दुसरा कोणी डोक्यात घालतो आहे, ते मोठ्याने प्रसारित होऊन सर्वांना ऐकू जात आहेत, किंवा कोणी ते काढून घेतो आहे, असा ठाम अनुभव येणे ही स्किझोफ्रेनियाच्या निदानात महत्त्वाची मानली गेलेली लक्षणे आहेत, आणि कुर्ट श्नायडर यांनी ती १९३९ साली नोंदवून ठेवली. आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, कारण मेंदू स्वतःच्या कृतीचा परिणाम आधीच ओळखून असतो. विचारांच्या बाबतीत ही 'हे माझेच' अशी खूण लागण्यात बिघाड होत असावा, असे एक स्पष्टीकरण आहे. असा अनुभव येणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, त्याला भुताटकी किंवा सिद्धी असेही म्हणू नये, आणि मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यात दिरंगाई करू नये. उपचार लवकर सुरू होण्याने पुष्कळ फरक पडतो.

प्रश्नकर्त्याची तिसरी शंका मात्र या आजाराची नव्हे. 'हा विचार माझाच आहे, म्हणून मी वाईट आहे' अशी त्यांची भीती आहे, आणि ती वेगळी गोष्ट आहे. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ साली दाखवून दिले की मंत्रचळाच्या, म्हणजे नकोसे विचार आणि कृती पुन्हा पुन्हा मागे लागण्याच्या विकाराच्या (ओसीडी) रुग्णांना छळणारे किळसवाणे, हिंसक, अभद्र विचार कोणताही विकार नसलेल्या माणसांनाही येतात, आणि विचारांच्या आशयात फारसा फरक नसतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, तेरा देशांतील विद्यार्थ्यांच्या पाहणीत ९० टक्क्यांहून अधिक जणांनी आधीच्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार आल्याचे सांगितले. फरक पडतो तो त्या विचाराला दिलेल्या अर्थामुळे. विचार आला म्हणजे तो घडण्याची शक्यता वाढली, किंवा तो मनात येणे हेच दुष्कृत्य झाले, असे मानणाऱ्या माणसाला तो विचार हाकलावासा वाटतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते. अस्वल येतच राहिले, आणि बंदी उठल्यावर तर ते, आधीपासून त्याचा विचार करण्याची मुभा असलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आले.

अभद्र विचार बहुधा आपल्या सर्वांत प्रिय माणसाबद्दल येतो, कारण मेंदू ज्याला जपतो त्याच्याविषयीच्या धोक्यांची तालीम तो सतत करत असतो. तो विचार कवटी ओलांडून त्या माणसापर्यंत जात नाही. त्या माणसापर्यंत पोहोचते ते वागणे, म्हणजे विचार येताच घाबरून केलेला फोन, 'बरी आहेस ना' हे पुन्हा पुन्हा विचारणे, किंवा आपल्यामुळे काही होऊ नये म्हणून तिच्यापासून लांब राहणे. म्हणून उपचाराची सुरुवातही तिथूनच होते. विचार आला की त्याला येऊ द्यावे, त्याच्याशी वाद घालू नये, मनातल्या मनात शांतीचे शब्द पुटपुटू नयेत, आणि खात्री करून घेण्यासाठी फोन करू नये. अस्वस्थता आधी चढते आणि काही न करता थांबले तर आपणहून उतरते, हे शरीराला अनुभवाने कळावे लागते, नुसते वाचून कळत नाही. घरच्यांनीही प्रत्येक वेळी 'काही होणार नाही' असा दिलासा देणे हळूहळू थांबवावे, कारण त्या दिलाशाची गरज दर वेळी लवकर परत येते. या विचारांमध्ये आणि ते निष्प्रभ करण्याच्या धडपडीत रोजचा तास-दीड तास जात असेल, किंवा झोप, काम, जवळीक यांवर परिणाम होत असेल, तर या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्यावी, आणि पहिल्याच भेटीत तो विचार जसाच्या तसा, काटछाट न करता सांगावा. आम्ही तसे विचार पूर्वीही ऐकलेले असतात.